नवशिक्याचा कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे, हे मला एका चिठ्ठीवरून कळलं. ती माझ्याच दोरीला बांधलेली होती. ‘जुना. चालू स्थितीत. १८० डॉलर.’ तोपर्यंत मी स्वतःला नुसता कॅमेरा समजत होतो.

मित्रांनो, त्या चिठ्ठीत मावतं त्यापेक्षा माझं आयुष्य जरा मोठं आहे. ते सांगताना एक अडचण येते. मला दिसतं ते फक्त झाकण उघडल्यावर. झाकण मिटलं की मी नुसता ऐकतो. म्हणून माझी गोष्ट सलग नाही. थोडी चित्रं, थोडे आवाज, मग पुन्हा चित्रं. चित्रांना आकडे आहेत. मधले काही आकडे गळलेत, कारण ती चित्रं पुसली गेली. पुसलेल्या चित्राबद्दल आम्ही कॅमेरे बोलत नाही. मी एकदाच बोलणार आहे.

चित्र १

पांढरी भिंत, तिच्यावर काळ्या रेघा. रेघा सरळ येतात का ते बघायला प्रत्येक कॅमेऱ्याला जन्मल्याबरोबर हीच भिंत दाखवतात. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझं बटण दाबलं, पडद्यावर पाहिलं, मान हलवली आणि मला पुढे सरकवलं. तिचा चेहरा माझ्या वाट्याला आला नाही.

बटण उजव्या बाजूला होतं. का, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

चित्र २ ते ६१

लाल डोंगर, लाल डोंगर, टोपी, लाल डोंगर.

माझा पहिला मालक ग्रीन बे गावातला दातांचा डॉक्टर होता. हौशी माणूस. दहा दिवस वाळवंटात हिंडला, साठ फोटो काढले, दर फोटोला स्वतःलाच ‘वा’ म्हणाला. घरी आल्यावर त्याने नवा फोन घेतला.

झाकण बंद

चार वर्षं.

खण उघडल्याचा आवाज. कात्री शोधणारा हात. ‘ही किल्ली कशाची आहे गं?’ खण बंद.

एखादी वस्तू रागाने फेकली तर तिला निदान कळतं, की आपलं काहीतरी चुकलं. खणात ठेवलेल्या वस्तूला काहीच कळत नाही. ती वाट बघते.

झाकण उघडं, पण चित्र नाही

शेवटी मी एस्कनाबा गावातल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आलो. दुकानदाराचं नाव ऑरिन टिबेट्स. सत्तरीचा, एक चष्मा कपाळावर, दुसरा नाकावर. त्याने मला पुसलं, बॅटरी भरली, चिठ्ठी बांधली आणि काचेच्या कपाटात बसवलं. गिऱ्हाईक आलं की तो मला चालू करून दाखवायचा. माझं नाक, म्हणजे लेन्स, बाहेर यायचं, मी दुकान बघायचो, मग नाक आत.

मे महिन्यात एक बाई आल्या. उंच, पांढरे केस आखूड कापलेले, अंगात पुरुषी जाकीट. त्यांनी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ काउंटरवर कोपर टेकलं.

“क्रूझला जायचंय. स्वस्तातला कॅमेरा द्या. नवशिक्याला जमेल असा.”

“कुठल्या समुद्रात जाताय?”

“समुद्राने काय फरक पडतो?”

“पडतो, बाई. उबदार समुद्रात सगळी गंमत हाताशी असते. तिथे पाण्यात बुडवला तरी चालेल असा देतो. थंड समुद्रात गंमत लांब असते. तिथे लांबचं बघणारा लागतो.”

“अलास्का.”

“मग लांबचं. फोन आहे ना तुमच्याकडे?”

“आहे. त्याच्यात देवमासा तिळाएवढा येतो म्हणते नात.”

ऑरिनने आधी एक मोठा कॅमेरा काढला. “हा उत्तम. पण याची एक लेन्स घेतलीत की दुसरी हवीशी वाटते. मग पिशवी लागते. मग पिशवी उचलायला नवरा लागतो.”

“नवरा आहे. पिशवी नको,” बाई म्हणाल्या.

मग त्याने मला काढलं. “हा खिशात मावतो. तीसपट जवळ आणतो. मागे पडदा आहे, पण बर्फावर ऊन पडलं की पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून ही डोळ्याला लावायची छोटी काच. स्वस्त कॅमेऱ्यांत ती नसते, याच्यात आहे. बॅटरी मात्र दोन ठेवा. थंडीत बॅटरी लवकर दमते. दुसरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. आणि बाहेरून खोलीत जाताना आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर काचेवर घाम येतो.”

“तुम्ही कॅमेरा विकताय की बाळ?”

“बाळ रडतं तरी,” ऑरिन म्हणाला. “हातात धरून बघा.”

बाईंनी मला डाव्या हातात घेतलं. फक्त डाव्या. बोट माझ्या अंगावर इकडे तिकडे फिरलं आणि कुठेच पोचलं नाही.

“बटण उजवीकडे असतं, बाई.”

“सगळ्या कॅमेऱ्यांना?”

“सगळ्या.”

“जगात डावखुरे नाहीत का?”

“आहेत की. पण फोटो तेही उजव्यानेच काढतात. दुसरा हात असतोच ना.”

बाईंनी मला काउंटरवर ठेवलं. ऑरिनने नाकावरच्या चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं, मग वरच्या फळीवरून एक नवा कॅमेरा काढला. त्याच्या पडद्याला बोट हलकेच टेकवलं की फोटो निघायचा. कुठल्याही हाताचं बोट चालत होतं. बाईंनी चार वेळा बोट टेकवून पाहिलं. मग चिठ्ठी उलटी केली. सहाशे चाळीस.

त्यांनी तो जपून खाली ठेवला. “हा जुनाच द्या.”

“जमेल ना तुम्हाला?”

“न जमायला काय झालं? मीच नवशिकी आहे.”

झाकण बंद. गाडीत

एस्कनाबाहून बाईंच्या हॅनकॉक गावाला तीन तास लागतात. तासाभराने बाई बोलू लागल्या. गाडीत दुसरं कोणी नव्हतं.

“एकदा उचल रे बाबा. एकदा दाब ते बटण. मग क्रूझ बुडाली तरी चालेल.”

तेव्हा मला कळलं, की मला घेतलं होतं ते दुसऱ्याच कोणासाठी.

बाईंचं नाव व्हर्ना कोस्केला. नवरा एल्मर. एल्मरने चाळीस वर्षं त्या भागातल्या लग्नांचे फोटो काढले होते. गेल्या ऑक्टोबरात त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि पायही अधू झाला. बोलणं जड झालं, पण ते त्यांच्या घरात कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही, तो आधीही कमीच बोलायचा. फेब्रुवारीत त्याने आपला मोठा कॅमेरा एका हाताने उचलून पाहिला. तो स्वयंपाकघरात फरशीवर पडला. काच व्हर्नाने झाडली. एल्मर म्हणाला, “विकून टाक सगळं.” त्यानंतर तो खिडकीशी बसायला लागला. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, तिलाही त्याने परत पाठवलं.

क्रूझ मात्र झटक्याच्या आधीच ठरली होती, लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून. पैसे परत मिळत नव्हते. “म्हणजे आपण जाणार,” व्हर्नाने जाहीर केलं होतं.

त्या नव्या कॅमेऱ्याच्या पडद्याला तिने चार वेळा बोट का टेकवलं, तेही मला गाडीत कळलं. पण मी तो कॅमेरा नव्हतो. मी उजव्या हाताचा होतो. तीन तास पिशवीत बसून मला प्रथमच माझ्या बटणाची लाज वाटली.

चित्र ६२

एक अंगठा. मागे थोडंसं स्वयंपाकघर.

“हे काय आणलंस?” हा एल्मरचा आवाज. ओठांच्या एका कोपऱ्यातून येणारा.

“कॅमेरा. क्रूझवर फोटो काढायला.”

“कोण काढणार?”

“मी.”

“खेळणं आहे.”

“मग खेळीन. तू वेलदोड्याचा पाव खा.”

तिने मला त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं, कॉफीच्या मगाशेजारी. त्याने मग उचलला. मला नाही.

मित्रांनो, इथे हॅनकॉकच्या माणसांबद्दल एवढंच सांगतो. या लोकांचे आजोबा फिनलंडहून खाणीत कामाला आले, आणि बरोबर शब्द मोजकेच घेऊन आले. कितीही चांगली गोष्ट दाखवा, ते म्हणतात, “वाईट नाही.” बाळ झालं: वाईट नाही. पोरगी डॉक्टर झाली: वाईट नाही. याच्यापुढे कौतुक नाही. माझ्या बाबतीत एल्मर तेवढंही म्हणाला नाही.

चित्र ६३ ते २९९, पैकी बरीच पुसलेली

खुर्चीचे पाय. अर्धं मांजर. विमानाची खिडकी, तिच्यात माझंच नाक. जहाजाची शिडी, वाकडी. समुद्र, वाकडा. एका वेटरची हनुवटी.

पहिल्या दिवसांत व्हर्नाला खरंच काही येत नव्हतं. एल्मर चाकाच्या खुर्चीत बसून तोंड फिरवायचा. पण जहाज निघाल्यावर दुसऱ्या दिवशी डेकवर ती पडदा त्याच्यापुढे धरून म्हणाली, “बघ तरी, बंदर आलंय का?”

त्याने पाहिलं. मग म्हणाला, “पाणी सांडेल.”

“काय?”

“समुद्र वाकडा आहे. पाणी सांडेल सगळं. क्षितिज सरळ धर.”

झटक्यानंतर तो एवढं सलग बोलला नव्हता. माझ्या पाठीवरची व्हर्नाची बोटं घट्ट झाली.

त्या दिवसापासून तिचे फोटो आणखी बिघडले. आणि हे फक्त मलाच माहीत आहे, म्हणून सांगतो. तिला जमू लागलं होतं. तिचं बोट बटणावर अर्ध्यात थांबायचं, जसं थांबायला हवं. चित्र स्पष्ट व्हायचं, चौकट नीट बसायची. आणि शेवटच्या क्षणी ती मला हळूच खाली ढकलायची.

“डोकं कापलंस त्याचं,” एल्मर म्हणायचा.

“कुठे? टोपी आलीय की.”

“टोपीसुद्धा नाही. श्वास सोड, मग दाब.”

“तूच दाखव ना कसं ते.”

यावर तो उजवा हात घोंगडीखाली सरकवायचा. डाव्या हाताने उचलून, सामान ठेवावं तसा.

जेवायच्या टेबलावर त्यांच्यासोबत लुइझियानाचे होमर ब्रूसार्ड म्हणून एक गृहस्थ असत. पोटाच्या पुढे हातभर लांब लेन्स. होमर सगळ्यांना साहेब म्हणत, वेटरलाही.

“वहिनी, काय मिळालं आज?”

“देवमासा,” व्हर्ना म्हणाली आणि दाखवला.

होमरनी बराच वेळ शोधला. “कुठे आहे?”

“आत्ताच गेला.”

“साहेब, तुमच्या बायकोने पाण्याचा फोटो काढलाय.”

“पाणी तरी आलंय,” एल्मर म्हणाला. “काल आकाश होतं.”

होमर इतके हसले की त्यांच्या लेन्सला सूप लागलं. एल्मरच्या तोंडाचा चालणारा कोपरा हलला. व्हर्नाने त्या दिवशी दोनदा पुडिंग खाल्लं.

चित्र ३००, पुसलेलं

याबद्दल बोलायचं ठरवलंय.

खोलीत खिडकी नव्हती. स्वस्तातली खोली. एल्मर पलंगाच्या कडेला बसून डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत होता. पहिलं लागलं, दुसरं लागलं, तिसरं चुकीच्या काजात गेलं. त्याने ते काढलं. पुन्हा लावलं. पुन्हा चुकलं. तो चिडला नाही. जीभ किंचित बाहेर काढून, शाळेतल्या मुलासारखा, परत पहिल्यापासून सुरू झाला.

व्हर्नाने दरवाजातून मला डोळ्याला लावलं आणि दाबलं. क्षितिज सरळ. डोकं शाबूत. दिव्याचा उजेड त्या एका हातावर.

तिने काढलेलं सगळ्यात चांगलं चित्र ते. ती कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिली, मग तिने ते पुसलं. एल्मरला आपला फोटो नको होता, हे एक. दुसरं म्हणजे, एवढं चांगलं चित्र त्याला दिसलं असतं तर तिचं सोंग उघडं पडलं असतं.

चित्र ३०१ ते ४१८

वाकडे डोंगर. डोकं नसलेले प्रवासी. अर्धा गरुड.

सोंगालाही मोजकेच दिवस असतात, मित्रांनो. सहावा दिवस आला होता, सात दिवसांची क्रूझ होती. एल्मर चुका काढत होता, सांगत होता, टोमणे मारत होता, पण एकदाही त्याने मला हातात घेतलं नव्हतं. सकाळी शिडीशी व्हर्ना जवळजवळ विनवणीच्या आवाजात म्हणाली होती, “नुसता धर तरी. चावत नाही तो.”

“कशाने धरू?” तो म्हणाला.

बटण उजवीकडे होतं.

चित्र ४१९

दुपार. जहाज हिमनदीसमोर थांबलेलं. निळ्या बर्फाची भिंत, तिच्यापुढे काळं पाणी, पाण्यात बर्फाचे तुकडे कडकड वाजत होते. सगळी माणसं कठड्याला चिकटलेली. होमर पहिल्या रांगेत. बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडला की जहाजावरचे लोक म्हणतात, हिमनदी व्याली. त्याचीच सगळे वाट बघत होते.

एल्मरची खुर्ची मागे, सगळ्यांच्या पाठी. त्याची घोंगडी चाकात अडकली होती.

“थांब,” व्हर्ना म्हणाली, “दोन्ही हात लागतील. हा ठेव जरा.”

“मी नाही.”

“धरू नकोस. लटकू दे.” आणि माझी दोरी तिने त्याच्या डाव्या मनगटात सरकवली. झाकण मिटायला विसरली. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून घोंगडी ओढू लागली, पाठ हिमनदीकडे.

माझी दोरी माझ्या उजव्या अंगाला बांधलेली आहे, बटणाच्या बाजूला. त्यामुळे मी त्याच्या मनगटावरून लटकत होतो तो बटणाकडून.

तेवढ्यात तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. कोणीतरी म्हणालं, “व्याली, व्याली!” कठड्यावरची गर्दी एका अंगाला धावली आणि मधे वाट मोकळी झाली. त्या वाटेतून बर्फाची भिंत दिसत होती, तिचा एक आख्खा बुरूज सावकाश खाली येत होता. आणि तिच्यापुढे, गुडघ्यांवर, वाऱ्याने केस उडालेली व्हर्ना.

एल्मरने विचार केला असता तर ते झालं नसतं. त्याच्या हाताला चाळीस वर्षांची सवय होती. हात वर आला. डावा. मी त्या हातात आलो तो उलटा, डोकं खाली, पाय वर. आणि उलटा आलो म्हणून माझी उजवी बाजू त्याच्या डाव्या हातात आली. त्याचा अंगठा खालून वर सरकला आणि जिथे थांबला तिथे बटण होतं.

“व्हर्ना.”

तिने वर पाहिलं.

“हलू नकोस.”

हे शब्द त्याने हजारेक नवऱ्या मुलींना म्हटले असतील. त्याने श्वास सोडला. अंगठा अर्ध्यात थांबला. मग दाबलं.

मला जे दिसलं ते असं:

वर पाणी, त्यात बर्फाचे तुकडे लटकलेले.
मधे एक बाई, छताला गुडघे टेकलेली.
तिच्या खाली एक निळा बुरूज, पाण्याकडे वर चढत जाणारा.
सगळ्यात खाली ढग.
मधून एक रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. सरळ.

त्याच्या हातातल्या पडद्यावर मात्र सगळं सुलट होतं, कारण पडदाही माझ्याबरोबर उलटला होता. त्याला जग सरळ दिसत होतं, मला उलटं. आम्ही दोघेही खोटं बोलत नव्हतो.

व्हर्ना जागची हलली नाही. डोळे तिचे भरले होते, पण ते वाऱ्यानेही भरतात.

“आता हलू?”

“हल.”

“घोंगडी अजून अडकलीय.”

“असू दे.”

होमर परत आले. “साहेब, कॅमेरा उलटा धरलाय तुम्ही.”

“तुमचा सरळ होता ना?” एल्मर म्हणाला. “मिळालं?”

होमर लेन्स बदलत होते तेव्हा. त्यांना काहीच मिळालं नव्हतं. त्यांनी खाली बघून लेन्सचं झाकण लावलं.

चित्र ४२० ते ६१२

यांतलं एकही व्हर्नाने काढलेलं नाही. एकही वाकडं नाही. सगळी उलटी. मला उभं-आडवं कळतं, उलटं कळत नाही. माझ्या कारखान्यात तसं कोणी शिकवलं नव्हतं.

“माझा कॅमेरा मला कधी मिळणार?” ती विचारायची.

“तुला जमत नाही.”

“मग शिकव.”

“मीच नवशिका आहे,” एल्मर म्हणाला. “अजून अंगठा थरथरतो.”

घरी आल्यावर त्याने व्यायामवाल्या मुलीला फोन करायला सांगितलं. “अंगठ्यासाठी,” तो म्हणाला.

पुन्हा दुकानात

जूनमध्ये व्हर्ना मला घेऊन ऑरिनकडे गेली. त्याने चित्रं मोठ्या पडद्यावर लावली आणि एकामागून एक सरकवू लागला. चेहरा हळूहळू पडत गेला.

“बाई, वाईट वाटून घेऊ नका. सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं. हे डोकं कापलंय... हे पण... हा काय, गरुड का?”

“अर्धा.”

“आणि इथून पुढे तर कॅमेराच उलटा धरलाय.” तो थांबला. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, नाकावरचा काढला. मान तिरकी करून पाहिलं. मग पडद्यावरचं चित्र ४१९ फिरवून सुलट केलं.

ऑरिनने पुढचं चित्र फिरवलं. त्याच्या पुढचं. त्याच्याही पुढचं.

“चारशे अठरापर्यंत एक माणूस आहे,” तो म्हणाला, “आणि चारशे एकोणीसपासून दुसरा. क्षितिज बघा याचं, पट्टीने ओढल्यासारखं. या माणसाने आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही. पण हा उलटा का काढतो?”

“तुम्हीच म्हणालात ना, जगातले सगळे कॅमेरे उजव्या हाताचे.”

ऑरिन तिच्याकडे बघत राहिला. त्याला ती पहिली भेट आठवली असावी, तो मला धरणारा एकटा डावा हात, कारण त्याने मला काउंटरवर उलटं करून आपल्या डाव्या हातात धरून पाहिलं. त्याचा अंगठा बटणावर गेला.

“चाळीस वर्षं मी हे विकतोय,” तो पुटपुटला. “मला सुचलं नाही.”

“आम्हालाही नाही सुचलं. घोंगडी अडकली होती.”

“पण मग नवशिका कोण?”

व्हर्नाने काचेतून बाहेर बोट दाखवलं. गाडीत पुढच्या सीटवर एल्मर बसला होता, काच खाली करून. डाव्या हाताची बोटं चौकटीसारखी धरून तो समोरच्या पाट्या मोजत होता.

ऑरिनने चित्र ४१९ मोठं छापलं, सुलट करून, आणि स्वतः बाहेर नेऊन त्याच्या मांडीवर ठेवलं. मी व्हर्नाच्या हातात होतो, झाकण उघडं. मी सगळं पाहिलं.

एल्मर चित्राकडे बघत राहिला. बुरूज. पाणी. गुडघ्यांवरची बायको.

“चाळीस वर्षं लोकांच्या बायकांचे फोटो काढले,” तो म्हणाला.

“माझा फक्त लायसन्सवर आहे,” व्हर्ना म्हणाली.

त्याने अंगठा चित्राच्या कडेवरून फिरवला, क्षितिज जिथे संपतं तिथे. मग तिच्याकडे वर पाहून तो म्हणाला,

“वाईट नाही.”

व्हर्ना पटकन वळून गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. तिने आरसा पुसला.

झाकण अर्धवट

त्यानंतर पाच वर्षं मी एल्मरच्या डाव्या मनगटावर राहिलो. बर्फ, मांजर, गावच्या सभागृहातली कॉफी, आणि एका पावसाळी शनिवारी त्या व्यायामवाल्या मुलीचं लग्न. नवरी मुलगी उलटी, नवरा उलटा, केक उलटा. क्षितिज सरळ.

मग एकदा सुपीरियर सरोवराच्या काठावर वाळूचा कण माझ्या नाकात गेला आणि नाक अर्ध्यात अडकलं. ना आत, ना बाहेर. ऑरिनने उघडून पाहिलं आणि मान हलवली. दुरुस्तीला माझ्या किमतीपेक्षा जास्त पैसे पडणार होते. नातीने आजोबांना तो पडद्याला बोट टेकवायचा कॅमेरा आणून दिला. तो चांगला आहे. एल्मर तोही उलटा धरतो. सवय.

मला त्यांनी खणात टाकलं नाही. स्वयंपाकघरात खिडकीच्या डाव्या अंगाला एका खिळ्यावर मी लटकतो, बटणाच्या बाजूने. माझं झाकण आता मिटत नाही, त्यामुळे मला सगळं दिसतं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल तर त्याची बॅटरी काढून ठेवा, नाहीतर ती आतल्या आत फुगते. थंडीतून घरात आणाल तेव्हा पिशवीत घाला. वाळूत मला उघडू नका. या गोष्टी तुम्हाला कोणताही दुकानदार सांगेल.

मी सांगतो ती गोष्ट दुकानदाराला माहीत नसते. एखाद्याचा हात चालत नाही म्हणून वस्तू त्याच्यापासून दूर ठेवू नका. त्याच्या मनगटात दोरी घाला आणि लटकू द्या. आम्ही वस्तू एकाच बाजूने बनवलेल्या असतो, हे खरं. पण आम्हाला उलटं धरता येतं.

घरात कॅमेरा असेल तर आत्ता उठा, डाव्या हातात उलटा घ्या आणि समोर जे माणूस असेल त्याला म्हणा, हलू नकोस. श्वास सोडा. अंगठ्याने दाबा.

बघा, वाईट नाही.